दमानं घ्यायचा देश

बोलिव्हियाला जाणाऱ्याला मी एकच सल्ला देते: ला पाझला थेट विमानाने उतरू नका. तिथला विमानतळ चार हजार मीटरपेक्षाही उंचावर आहे. तिथे उतरून दोन-दोन दिवस अंथरुणाला खिळलेले धडधाकट जर्मन तरुण मी नंतर हॉस्टेलांतून पाहिले. मी पूर्वेकडून शिरले. सांताक्रूझ जेमतेम चारशे मीटरवरचं, गरम हवेचं शहर. तिथून सुक्रे, मग पोतोसी, उयुनी, ला पाझ आणि शेवटी तितिकाका सरोवर. पाठीवरची सॅक तीच होती, पण दर टप्प्याला ती जड होत गेली.

सुक्रे ही राज्यघटनेप्रमाणे राजधानी. सरकार मात्र ला पाझला बसतं. शहर पांढरंशुभ्र आहे, आणि गावाबाहेर सिमेंटच्या खाणीतल्या एका उभ्या कड्यावर डायनोसॉरच्या पावलांचे हजारो ठसे आहेत. मला आठवतं ते मात्र मंडईतलं शेंगदाण्याचं सूप, 'सोपा दे मानी'. दाणे न भाजता कच्चेच वाटतात, त्यामुळे रस्सा दुधाळ होतो, आणि वर तळलेल्या बटाट्याच्या काड्या पडतात. (शाकाहारी असाल तर आधी विचारा, तळाशी बहुधा गाईच्या बरगडीचा तुकडा असतो.) भुईमुगाचे रानटी पूर्वज दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या याच पट्ट्यातले. साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर कूट टाकणाऱ्यांनी इथे एक वाडगा प्यायलाच हवा.

पोतोसी जवळजवळ ४,१०० मीटरवर. इथे चढाच्या गल्ल्यांत दर वीस पावलांवर थांबायचं, रात्री कमी जेवायचं आणि गालात कोकाची पानं धरायची. कोका म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. पण पान वेगळं आणि कोकेन वेगळं. पान इथे कायदेशीर आहे, २००९ च्या राज्यघटनेने त्याला वारसा म्हणून संरक्षण दिलं आहे. चव कडवट, गवताळ. गाल जरासा बधिर होतो आणि डोकेदुखी उतरते.

गावावर सेरो रिको हा तांबूस, त्रिकोणी डोंगर उभा आहे. १५४५ साली त्यात चांदी सापडली आणि या ओसाड उंचीवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दीड लाखावर वस्ती झाली. चांदी काढायला माणसं कुठून आणली? स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने १५७३ पासून 'मिता' नावाची वेठबिगार लावली: दूरदूरच्या खेड्यांतून दरवर्षी सुमारे सातातला एक पुरुष खाणीत. किती जण परतले नाहीत याचे आकडे इतिहासकार अजून भांडून ठरवताहेत.

जुन्या टाकसाळीत मी अख्खी दुपार काढली. चांदीच्या पट्ट्या लाटणारी प्रचंड लाकडी यंत्रं स्पेनहून आणून इथे जोडली होती. वरच्या मजल्यावर दातेरी चाकं आणि खालच्या मजल्यावर ती फिरवणारी खेचरं. इथली आठ रेआलची नाणी सेव्हिल, लिस्बनमार्गे गोव्याला पोचत. सुरतेच्या मुघल टाकसाळीत ती वितळवून रुपये पाडत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेहून आणलेल्या चांदीत या डोंगराचा थोडा तरी अंश नसेल, असं छातीठोकपणे कोण म्हणेल? आज बोलिव्हियाची स्वतःची नाणी परदेशात पाडून येतात. हे सांगताना गाइडबाई हसल्या. हा त्यांचा रोजचा विनोद असावा.

खाणीची सहल इथलं प्रत्येक हॉस्टेल विकतं. खाणकामगारांच्या बाजारात डायनामाइटची कांडी भाजीसारखी उघड्यावर मिळते. पर्यटक ती, कोका आणि शीतपेयाच्या बाटल्या कामगारांना भेट म्हणून घेऊन आत जातात. मी बाजारापर्यंत गेले, आत नाही. जिथे माणसं सिलिकोसिसने अकाली जातात तिथे हेल्मेट घालून फोटो काढणं मला जमलं नसतं. गेलेल्यांना नावंही ठेवत नाही. त्या तिकिटावर जुन्या खाणकामगारांची काही घरं चालतात. डोंगर मात्र इतका पोखरलाय की माथा खचतो आहे, आणि २०१४ पासून पोतोसी युनेस्कोच्या धोक्यातल्या वारशांच्या यादीत आहे.

उयुनीच्या वाटेवर रास्ता रोको लागला. इथे तो ऋतूसारखा येतो. रस्त्यावर दगड, जळके टायर, आणि कडेला स्वेटर विणत बसलेल्या आंदोलक बायका. बसने इथेच सोडायचं, पलीकडे चालत जायचं आणि तिकडून वळून आलेली दुसरी बस पकडायची. याचीही ठरलेली पद्धत आहे, कुणी चिडत नाही. पाठीवर आग्वायोच्या रंगीत कापडात मूल नि बटाटे बांधलेल्या आज्ज्या मला झपाझप मागे टाकत गेल्या. मी माझी महागडी सॅक सावरत, धापा टाकत मागून.

उयुनीचं मीठमैदान दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. आभाळ पायाखाली दाखवणारे फोटो पावसाळ्यातले, जानेवारी ते मार्चमधले. मी गेले जूनमध्ये. तेव्हा मीठ कोरडं असतं आणि त्यावर षट्कोनी कंगोरे उमटतात. मला विचाराल तर हेच बरं: जीप मधोमध इन्काउआसी बेटापर्यंत जाते आणि तिथे घरापेक्षा उंच निवडुंगांमधून चढता येतं. मिठाखालच्या खाऱ्या पाण्यात लिथियमचा प्रचंड साठा आहे. २०१९ मध्ये एका जर्मन कंपनीबरोबरचा करार पोतोसीकरांच्या आंदोलनामुळे सरकारला रद्द करावा लागला. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "चांदी गेली तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

पुढे दक्षिणेला लागुना कोलोरादा, शेवाळामुळे विटकरी लाल झालेलं सरोवर, आणि त्यात शांतपणे चोच बुडवून चरणारे रोहित. रात्री पारा उणे पंधराच्या खाली. याच थंडीवर इथले लोक चुन्यो करतात: बटाटे रात्री उघड्यावर गोठू द्यायचे, दिवसा उन्हात सैल झाले की पायांनी तुडवून पाणी काढायचं, काही दिवस हेच. मग ते काळे, खडकासारखे टणक गोळे वर्षानुवर्षं टिकतात. भिजवून शिजवल्यावर लागणारा मातकट वास मला शेवटपर्यंत आवडला नाही, पण कल्पनेला दाद द्यावी लागते.

ला पाझमध्ये गरीब डोंगरावर राहतात आणि श्रीमंत दरीत, कारण खाली हवा दाट आणि ऊबदार. वरचं एल आल्तो आणि खालचं शहर यांच्यामध्ये २०१४ पासून रोपवे चालतात, सहलीसाठी नव्हे तर कामावर जायला. रंगांवरून ओळखायच्या दहा मार्गिका. तीन बोलिव्हियानोच्या तिकिटात इलिमानीचं बर्फाचं शिखर, लोकांच्या गच्च्यांवरचं वाळत घातलेलं धुणं आणि फ्रेडी मामानी या वास्तुरचनाकाराच्या पोपटी-भगव्या इमारती पाहायला मिळतात. डब्यात समोर बसलेल्या बाईंचा घेरदार घागरा, म्हणजे पोयेरा, आणि डोक्यावरची गोल हॅट. काही दशकांपूर्वी याच वेशामुळे अशा बायकांना चांगल्या हॉटेलांत शिरू देत नसत. २०१९ मध्ये अशाच बायका पोयेरा घालून अकोंकाग्वाच्या शिखरावर चढल्या.

शेवटी तितिकाकाकाठच्या कोपाकबानाला चर्चसमोर नव्या गाड्यांची रांग होती: बोनेटवर फुलांच्या माळा, पाद्री पाणी शिंपडतोय आणि चाकांवर बिअर ओतली जातेय. आपल्या दसऱ्याला नारळ फुटतो, एवढाच काय तो फरक.

परतताना तिकिना सामुद्रधुनीत बस लाकडी तराफ्यावर चढते आणि प्रवासी वेगळ्या होडीतून पलीकडे जातात. काठावर नौदलाचा तळ आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने बोलिव्हियाचा सगळा किनारा घेतला, २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयातही काही हाती लागलं नाही; पण नौदल ठेवलंय आणि दरवर्षी २३ मार्चला समुद्रदिन पाळतात. होडीत शेजारच्या आजोबांनी माझं गाव विचारलं. मुंबई, समुद्रकाठी, एवढं माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगता आलं.

"मग रोज जात असाल समुद्रावर?"

"वर्षातून दोन-तीनदा. वेळ कुठे मिळतो?"

आजोबांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग पलीकडच्या बाजूला बसलेल्या बायकोला हाक मारून आयमारा भाषेत काहीतरी सांगितलं. दोघंही खो खो हसली. तेवढ्यात आमची बस काठाला लागली आणि ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केली.