डिस्क जाते तेव्हा

घरातल्या स्टोरेज सर्व्हरमधली डिस्क क्वचितच थांबते. तिच्या चकत्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात आणि त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर वाचणारे-लिहिणारे हेड तरंगत राहते. 1956 साली आयबीएमच्या रामॅक यंत्रात चोवीस इंची पन्नास चकत्या होत्या आणि त्यांत पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्ये घरातल्या तीन पिढ्या मावतात. लग्नाचे स्कॅन केलेले अल्बम, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या आजीच्या ओव्या, मुलांची पहिली पावले, जमिनीचे सातबारा उतारे. कोकणातल्या दमट पावसाळ्यात कागदी फोटोंना बुरशी धरते, कॅसेटची फीत चिकटते, आणि काही वर्षांनी डिस्कवरची प्रत हीच मूळ प्रत होऊन बसते. म्हणून डिस्क जाण्याचा विचार ती चालू असतानाच करायचा असतो.

स्वस्त डिस्कचा संच करून एकीच्या मरणातून माहिती वाचवण्याच्या पद्धतींना ‘रेड’ हे नाव 1988 साली बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी दिले. घरगुती सर्व्हरमध्ये बहुधा त्यातला पॅरिटीचा प्रकार असतो. काही संख्या आणि त्यांची बेरीज लिहून ठेवली, तर त्यांतली एक पुसली गेली तरी शोधून काढता येते. पॅरिटी हेच बिटांच्या बाबतीत करते. मात्र एका पॅरिटीच्या संचात दोन संख्या पुसल्या गेल्या, की गणित सुटत नाही.

जाणारी डिस्क कधी आधी सांगते, कधी सांगत नाही. तिच्या आतली ‘स्मार्ट’ नावाची नोंद दोन आकड्यांसाठी पाहावी: खराब झाल्याने बदली दिलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर. हे वाढू लागले की डिस्कवरचा भरवसा संपवावा. माहिती केबलमधून येता-जाता होणाऱ्या, म्हणजे सीआरसी त्रुटी वाढत असतील, तर दोष बहुतेक वेळा केबलचा असतो आणि केबल बदलून भागते. गुगलच्या संशोधकांनी 2007 साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन त्रुटी आलेली डिस्क पुढच्या 60 दिवसांत बंद पडण्याची शक्यता इतर डिस्कच्या 39 पट होती. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टमधल्या महत्त्वाच्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. स्मार्टचा इशारा आला तर तो खरा मानावा. आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

संचातली एक डिस्क गेली, तरी सर्व्हर चालू राहतो. खरा धोका इथून सुरू होतो. घाबरून लगेच नवी डिस्क बसवण्याआधी, ज्याची दुसरी प्रत नाही ते सगळे बाहेर काढावे. मग गेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर पक्का करावा, कारण चुकून शाबूत डिस्क उपसली की संच तिथेच कोसळतो. पुनर्बांधणीत उरलेल्या सर्व डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. मोठ्या डिस्कवर यात एक-दोन दिवसही जातात. अनेक घरगुती डिस्कवर 10^14 बिटांमागे एखादी न वाचता येणारी चूक गृहीत धरलेली असते, म्हणजे साधारण 12.5 टेराबाइटला एक. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा चांगल्या वागतात, तरी एकाच दिवशी आणलेल्या, सारख्याच झिजलेल्या डिस्कवर हा ताण पडतो हे विसरता येत नाही. नवी डिस्क घेताना ती एसएमआर जातीची नाही, हे पाहून घ्यावे. अशा डिस्कवर माहितीचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधले एक बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, आणि पुनर्बांधणी रेंगाळते.

दुसरीही डिस्क गेली आणि संच उभाच राहिला नाही, तर पहिला नियम एकच: त्या डिस्कवर काहीही लिहू नये. स्क्रीनवर ‘फॉर्मॅट करायचे का’ असे विचारले जाते, नवा संच तयार करण्याचा पर्याय समोर येतो. दोन्हींना नकार द्यावा. आधी प्रत, मग दुरुस्ती. आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम याच क्रमाने चालतो. तो आधी सहज वाचता येणारे भाग नव्या डिस्कवर उतरवतो, अवघड जागा नोंदवून ठेवतो आणि शेवटी तिकडे वळतो. मध्येच लाइट गेली, तरी त्या नोंदीवरून काम पुढे सुरू होते. नेमका सेक्टर वाचवण्याच्या हट्टापायी डिस्क थकवत न बसण्याचा हा शहाणपणा फार मोलाचा आहे. लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअर रेडच्या संचात मग प्रत्येक डिस्कवरचा घटनांचा आकडा (संचातल्या बदलांची मोजणी) ताडून, सर्वांत मागे राहिलेली डिस्क वगळून, प्रतींवरूनच संच जोडून पाहतात आणि फक्त वाचण्यासाठी उघडतात. डिस्कमधून कट-कट आवाज येत असेल, तर मात्र ती तत्काळ बंद करावी. अशी डिस्क धूळविरहित खोलीतच उघडायची असते. ती फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला घातक आहे. आत दव साचते.

एवढे करूनही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते, आणि वीज पडली तर संचातल्या सगळ्या डिस्क एकाच वेळी जाऊ शकतात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम घराला पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. दुसऱ्या गावच्या बहिणीच्या कपाटातली डिस्कही चालते. आपल्याकडे बॅकअप आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्यातली एखादी जुनी फाइल याच आठवड्यात परत उतरवून उघडून पाहावी.