मानेवरचे फुलपाखरू

रमजानला दोन आठवडे उरले होते. इशाची नमाज झाली, भांडी आवरली आणि आम्ही दहावीच्या सराव परीक्षेचे उर्दूचे पेपर तपासायला घेतले. तेवढ्यात भाची शेजारी येऊन बसली. आपाची ही मुलगी जालन्याहून शिकायला आमच्याकडे राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "खाला, रागावणार नसाल तर एक दाखवू?" असे म्हणून तिने मोबाईल पुढे केला.

तीन चित्रे होती. तिन्हींत मुलींच्या माना आणि मानेवर फुलपाखरे गोंदलेली. पहिल्यात कानामागे नखाएवढे एकच, नुसत्या काळ्या रेषेचे. दुसऱ्यात मानेच्या बरोबर मध्ये, मणक्यावर अंग आणि दोन्ही बाजूंना पसरलेले निळे पंख. तिसऱ्यात तीन लहान फुलपाखरे खांद्याकडून केसांकडे उडत निघालेली. "यातले कोणते बरे दिसेल? आणि कानामागे काढू की मध्ये?" शिकवणीचे पैसे साठवून तिने दीड हजार रुपये बाजूला ठेवले होते.

तेवीस वर्षे वर्गात उभे राहून आम्हाला एक खोड लागली आहे. प्रश्न पुरता ऐकण्याआधी उत्तर सुरू होते. आम्ही पेन खाली ठेवले आणि बोलत सुटलो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे, की गोंदणाऱ्या आणि गोंदवून घेणाऱ्या स्त्रीवर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लानत केली आहे. अल्लाहने घडवलेल्या रूपात फेरफार करण्याला शैतानाचे बहकावणे म्हटल्याचे सूरह निसामध्ये आहे. कायमचे गोंदण बहुतेक सर्व उलमांनी नाजायज ठरवले आहे. तिला पोलीस भरतीची आवड आहे हे ठाऊक असल्याने तेही सांगितले. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत गोंदण चालते ते डाव्या हाताच्या कोपराखालच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या पाठीवर, आणि तेही त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा लहान. मान त्यात बसत नाही.

एकही गोष्ट चूक नव्हती. भाचीने मोबाईल बंद केला, "जी खाला" म्हणाली आणि उठून आत गेली.

पलीकडच्या पलंगावर आमची अम्मी तसबीह घेऊन बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "मस्अला बरोबर सांगितलास. पण पोरीला हे विचारलंस का, की मानेवरच का?"

आम्ही विचारले नव्हते.

अम्मीने हे विचारावे याला कारण होते. ती पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातली. सात-आठ वर्षांची असताना आठवडी बाजारात गोंदणारी बाई आली होती. शेजारच्या मराठ्यांच्या, धनगरांच्या मुली रांगेत बसल्या, त्यांच्याबरोबर अम्मीही बसली. एकत्र बांधलेल्या सुया, काजळीची शाई आणि वर हळदीचा हात. तिच्या डाव्या हातावर एक विंचू आणि ठिपक्यांची ओळ उमटली. सोन्याचांदीचे दागिने काढून घेता येतात, गोंदण मात्र मेल्यावरही बरोबर येते, असे त्या काळी बायका म्हणत. गरिबाघरच्या मुलींचा तो दागिना होता.

लग्न होऊन अम्मी शहरात आली. बायकांच्या एका बैठकीत कोणीतरी तिचा हात पाहिला आणि सर्वांदेखत म्हणाले, "तुमचा तर वुजूच होत नाही, मग नमाज कुठली कबूल होणार?" त्या रात्री अम्मीने वजरीने हात घासला, रक्त आले, विंचू गेला नाही. पुढे अब्बांनी मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी समजावले, की शाई कातडीच्या आत आहे आणि पाणी कातडीवर पोहोचते, म्हणून वुजू होतो आणि नमाजही होते. नकळत्या वयात झालेल्या गोष्टीचे ओझे मनावर घेऊ नये, तौबा करावी. त्रास किंवा इजा होणार असेल तर ते काढण्याचीही सक्ती नाही. मसला सुटला, पण लाज गेली नाही. आम्ही भावंडांनी अम्मीला कडक उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांतच पाहिले. तिचा विंचू आम्हाला पहिल्यांदा दिसला तो ती आजारी पडली तेव्हा, सलाईनसाठी बाही वर केल्यावर.

आम्ही आतल्या खोलीत गेलो. भाची भिंतीकडे तोंड करून पडली होती. "मानेवरच का ग?" एवढेच विचारले. तिने उठून केस बाजूला केले.

चार वर्षांची असताना तिच्या अंगावर चहाचे पातेले कलंडले होते. उजव्या कानामागून मानेच्या मध्यापर्यंत भाजल्याचा व्रण आहे; काही ठिकाणी पांढुरका, काही ठिकाणी दोरीसारखा उठलेला. आम्ही तो पाहिलेला होता, पण घरातल्यांना अशा गोष्टींची सवय होते आणि मग त्या दिसेनाशा होतात. तिला मात्र दिसत राहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत ती जालन्याला गेली, तेव्हा रिश्त्यासाठी चार बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीने हसतहसत तिचा दुपट्टा सरकवला, वेणी बाजूला केली, "हे पांढरे डाग कशाचे?" असे विचारले आणि मान वाकवून पाहिले. नंतर त्यांच्याकडून काही निरोप आला नाही. आपाने हे आम्हाला सांगितले नव्हते. भाची म्हणाली, "डाग दिसण्यापेक्षा फुलपाखरू दिसलेलं बरं, असं वाटलं."

त्यावर आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. आमच्यासारख्या बोलक्या माणसाला ही गोष्ट बरेच दिवस लक्षात राहील.

दुसऱ्या आठवड्यात शाळेला अर्धी सुट्टी होती. तिला घेऊन आम्ही एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी तिला न रागावता चित्रे पाहायला मागितली आणि मग समजावले. गोंदताना सुई वरची कातडी ओलांडून खालच्या थरात शाई सोडते. वरची कातडी साधारण महिनाभरात नवी होते, म्हणून तिच्यावरचा रंग जातो. खालच्या थरात मात्र शरीराच्या रक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. एक पेशी मेली की दुसरी ते कण घेते, म्हणून गोंदण जन्मभर टिकते. भाजलेल्या जागेची कातडी वेगळी असते. तिथे शाई एकसारखी बसत नाही, कुठे पसरते, कुठे धरतच नाही. ज्यांचा व्रण दोरीसारखा उठतो, त्यांना नव्या टोचण्यांनी तो आणखी वाढण्याची भीती असते. पुढे काढावेसे वाटले तर लेसरच्या अनेक खेपा लागतात. काळा रंग त्यातल्या त्यात लवकर जातो, हिरवा आणि पिवळा हट्टी असतात. शिवाय सुई स्वच्छ नसेल तर कावीळ बी आणि सीसारखे रोग रक्तातून जाऊ शकतात.

व्रणासाठी त्यांनी सिलिकॉनची पट्टी दिली, उन्हापासून मान जपायला सांगितले. "पुसून जाणार नाही, पण थोडा मऊ आणि सपाट होऊ शकेल. काही महिने लागतील," असे स्पष्ट सांगितले. इलाज म्हणून व्रण कमी करणे यात शरीअतचीही अडचण नाही, हे आम्ही रिक्षात तिला सांगितले. या वेळी तिने ऐकून घेतले.

फुलपाखराची हौस मात्र उरली होती, आणि ती मोडायची आमची इच्छा नव्हती. ईदला मेंदी लागणारच होती. मेंदीचा रंग कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थराला धरतो आणि तो थर झडला की जातो. तिचा थर पाण्याला अडवत नाही, म्हणून वाळलेला लगदा काढून टाकल्यावर वुजूला काही बाधा नाही. बाजारात मिळणारे चिकटवायचे टॅटू मात्र कातडीवर पापुद्रा धरतात. ते वुजूआधी काढावे लागतात.

डिझाइन शोधायला एका रविवारी सकाळी आम्ही बीबी का मकबऱ्यात गेलो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानो यांची ही कबर त्यांचा मुलगा आझमशाह याच्या नावाशी जोडलेली. पर्यटक घुमट पाहतात. आम्ही दोघी गच्चीत कोरलेली फुले, वेली आणि मुख्य दरवाजावरचे पितळी पत्र्याचे नक्षीकाम पाहत फिरलो. भाची वहीत उतरवून घेत होती. सजीव प्राण्यांची चित्रे काढणे पुष्कळ उलमा पसंत करत नाहीत, म्हणून अम्मीला फुलपाखरू नको होते. तोडगा भाचीनेच काढला. आपल्या शहरच्या हिमरू शालीवर कुयरी असते. दोन कुयऱ्या समोरासमोर ठेवल्या, मध्ये एक देठ काढला आणि वरून दोन बारीक तंतू वळवले. पाहिले तर फुलपाखरू, न पाहिले तर वेल.

जागेचाही धडा मिळाला. चाचणी म्हणून तिने तीच नक्षी तळहातावर, मनगटावर आणि मानेच्या डाव्या, साध्या कातडीवर काढली. व्रणाला हात लावला नाही. तळहाताची कातडी जाड, तिथे दोन दिवसांत गडद तपकिरी रंग चढला. मानेवर फिका नारिंगी आला आणि पाचव्या दिवशी दुपट्ट्याच्या घासण्याने निम्मा गेला. ती हसून म्हणाली, "आणि खाला, मला तर ते दिसतच नाही! आरसे दोन धरावे लागतात."

इथे वाचक भगिनींना एक सांगून ठेवतो. ईदच्या बाजारात 'पाच मिनिटांत काळी' होणारे कोन मिळतात. खरी मेंदी काळी नसते. काढल्यावर नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. काळ्या कोनात बहुधा केसांच्या कलपातले पीपीडी हे रसायन असते. त्याने फोड येतात, कधी कायमचा डागही राहतो. मेंदी घरी भिजवावी, नाहीतर ओळखीच्या बाईकडून घ्यावी.

चाँदरातीला भाचीने घरातल्या सर्वांच्या हातांवर ती कुयरी काढली. स्वतःच्या मानेवर काढली नाही, तळहातावर घेतली. "इथं मला तरी दिसेल," म्हणाली. मग ती अम्मीसमोर बसली. अम्मीने उजवा हात पुढे केला. मेंदी झाल्यावर थोडा वेळ गप्प राहिली आणि डावी बाही स्वतःच कोपरापर्यंत सारली. विंचू आता फिकट निळा, सुरकुत्यांत हरवलेला. "याच्या बाजूला काढ एक," ती म्हणाली. "झाकून झाकून हात दमला."

व्रण अजून आहे. पट्टी रोज लागते, कधी विसरतेही. आपाशी आम्ही बोललो आणि असे ठरले, की यापुढे कोणताही रिश्ता आला तर भाजल्याची गोष्ट पहिल्याच भेटीत आपण होऊन सांगायची, आणि मुलीची वेणी उचलून पाहण्याची वेळ कोणावर येऊ द्यायची नाही. हे सांगितल्यावर ज्यांना परतायचे असेल, त्यांनी चहा पिऊन खुशाल परतावे. भाची यावर काही बोलली नाही, पण त्या दीड हजारांतून तिने पोलीस भरतीच्या तयारीची पुस्तके आणली आहेत.

आम्ही वर्गात उत्तरे देतच राहणार. तो आमचा पेशाच आहे. मस्अलाही सांगत राहू. फक्त आता एखादी मुलगी काही दाखवायला शेजारी येऊन बसली, की पेन खाली ठेवून आधी विचारतो, "का ग?"