चौघींचा वाद्यवृंद

बर्लिनच्या त्या सभागृहात पडदा सरकला आणि मी नकळत वादक मोजले. चौघीच! एक पियानो, दोन चेलो, थोडी तालवाद्यं. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि सभागृह असं भरून गेलं, की बाकीचा वाद्यवृंद कुठे बसलाय ते पाहायला मी मान उंचावली. कुणीच नव्हतं. चेलोवादक बाई एखादी सुरावट वाजवायच्या, पायाशी ठेवलेल्या यंत्रात ती साठवायच्या आणि तिची आवर्तनं चालू असतानाच वर दुसरी सुरावट चढवायच्या. दुसऱ्या चेलोची तार कधी बोटानं छेडली जाई, कधी तिच्यावरून गज संथ फिरे. मधोमध पियानोशी बसून गात होत्या आग्नेस ओबेल.

ओबेल मूळच्या कोपनहेगनच्या, जन्म 1980 चा. घरी आई पियानोवर शोपाँ आणि बार्तोक वाजवत, वडिलांना चित्रविचित्र वस्तू नि वाद्यं जमवायचा नाद. पुढे त्या बर्लिनला आल्या आणि इथल्याच झाल्या. 2010 मध्ये ‘फिलहार्मोनिक्स’ हा पहिला अल्बम आला. त्यातली गाणी लिहिण्यापासून ध्वनिमुद्रणाच्या निर्मितीपर्यंत बहुतेक सगळं त्यांनी स्वतःच केलं होतं. पुढच्याच वर्षी मायदेशानं त्यांना डॅनिश म्युझिक अवॉर्ड्समध्ये पाच पुरस्कार दिले. स्वीडनच्या यान योहान्सन या पियानोवादकानं 1964 मध्ये तिथली लोकगीतं अगदी मोजक्या सुरांत वाजवली होती. ते संगीत ओबेल यांना फार प्रिय. त्यांच्या गाण्यांत लोकगीताचा साधेपणा कुठून येतो, हे ते संगीत ऐकल्यावर उमगतं.

2016 च्या ‘सिटिझन ऑफ ग्लास’ची गोष्ट तर अद्भुतच. त्यातल्या ‘फॅमिलियर’ या गाण्यात त्यांच्यासोबत एक पुरुष गातो. तो पुरुष म्हणजे त्यांचाच आवाज, यंत्रानं खाली उतरवलेला! याच अल्बममध्ये ट्राउटोनियम नावाचं वाद्य आहे. 1930 च्या सुमारास याच बर्लिनमध्ये फ्रीडरिश ट्राउटवाइन यांनी ते घडवलं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या नाहीत. धातूच्या पट्टीवर एक तार ताणलेली असते. ती बोटानं दाबली की विजेच्या जोडणीतून स्वर उमटतो आणि बोट सरकवलं की स्वरही सरकतो, आपल्या सतारीवरच्या मींडेसारखा. हिचकॉकच्या ‘द बर्ड्स’मधले पक्ष्यांचे भीषण आवाज ऑस्कर साला यांनी याच जातीच्या वाद्यावर काढले होते. असं दुर्मीळ होऊन बसलेलं बर्लिनचं वाद्य पुन्हा गाण्यात आणावं ते डेन्मार्कहून आलेल्या बाईनं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पेलहोफच्या मैदानावर गेलो. हा एकेकाळचा विमानतळ. 1948-49 च्या नाकेबंदीत पश्चिम बर्लिनला धान्य नि कोळसा पुरवणारी विमानं इथे उतरली. 2008 मध्ये तो बंद झाला आणि 2010 मध्ये लोकांसाठी खुला. धावपट्टीवर मुलं पतंग उडवत होती, सायकली पळत होत्या. भर शहरात तीनशे हेक्टरांहून मोठी मोकळी जागा! कडेनं घरं बांधायची योजना पुढे आली, तेव्हा 2014 च्या सार्वमतात बर्लिनकरांनी ती नाकारली. घरांची टंचाई असूनही त्यांनी मैदान मोकळं राखलं.

त्या धावपट्टीवरून चालताना मी ओबेल यांची गाणी पुन्हा ऐकली. दोन सुरांमध्ये त्या किती जागा सोडतात, ते आता स्पष्ट ऐकू आलं. पियानोचा स्वर पुरता विरू देतात, मगच पुढचा येतो. म्हणून चेलोच्या गजाची बारीकशी खरखरही कानाला मोठी लागते, श्वासही ऐकू येतो. भरगच्च वाद्यवृंदाला जे साधायला शंभर माणसं लागतात, ते या चौघी न वाजवलेल्या जागांवर विश्वास ठेवून साधतात. एवढा संयम बाळगायला मोठं धैर्य लागतं आणि माझ्या लेखी ओबेल यांची खरी थोरवी त्या धैर्यात आहे.