पांढऱ्या घाटात

अमेरिकेचा नकाशा उघडला की वरच्या अंगाला सुपीरियर नावाचे अवाढव्य सरोवर दिसते, आणि त्याच्या दक्षिण तीरावरून एक वाकडे बोट पाण्यात घुसलेले आढळते. हे बोट म्हणजे मिशिगन राज्यातले कीविनॉ द्वीपकल्प. आमचे धाकटे बंधुराज शिकायला म्हणून इथल्या होटन गावी गेले, आणि पदवी पदरात पडल्यावर परत येण्याऐवजी बारा मैलांवरच्या कॅल्युमेट गावी संसार थाटून बसले. गेल्या डिसेंबरात कॉलेजात रजा टाकून मी तीन आठवडे त्यांच्याकडे राहून आलो. लोक अमेरिकेहून नायगाऱ्याचे फोटो आणतात. मी बर्फाखेरीज काही पाहिले नाही, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

इथे एवढे बर्फ का पडते, हे पावसाळ्यात महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला फोड करून सांगायला नको. तिकडे अरबी समुद्रावरचा वारा बाष्प घेऊन येतो, सह्याद्रीला अडतो आणि पाऊस टाकून मोकळा होतो. इकडे कॅनडातून कोरडा, गोठवणारा वारा निघतो, सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प पोटात भरून घेतो, आणि कीविनॉच्या डोंगरकण्यावर चढताच ते बर्फ करून खाली टाकतो. मोहॉक गावाच्या पुढे हमरस्त्याच्या कडेला एक उंचच उंच फळी उभी आहे. तिच्यावर १९७८-७९ च्या हिवाळ्याची खूण आहे : ३९०.४ इंच. म्हणजे साडेबत्तीस फूट! हे एकदम साचलेले नव्हे, सबंध हंगामात मिळून पडलेले. पण फळीच्या खाली उभे राहून वर पाहताना हा खुलासा फारसा धीर देत नाही.

हा हमरस्ता म्हणजे यूएस-४१. द्वीपकल्पाच्या टोकाला, कॉपर हार्बरला तो सुरू होतो आणि सुमारे दोन हजार मैल धावून फ्लॉरिडात मायामीला विसावतो. बंधुराजांनी हौसेने घेतलेली गाडी या रस्त्याच्या मायामीकडच्या टोकाला शोभली असती.

ती एक पिकअप आहे. पुढे एका ओळीत बसायची केबिन, मागे उघडा हौदा. पण भाजीपाला वाहणाऱ्या आपल्याकडच्या टेंपोची आठवण काढू नका. फोर्ड कंपनीने १९९९ ते २००४ या काळात 'लाइटनिंग' म्हणून काढलेली ही जात. बंधुराजांची २००३ सालची, तांबडीभडक, जुन्या बाजारातून आणलेली. इंजिन ५.४ लिटरचे, त्याला दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर, आणि ताकद ३८० घोड्यांची. आमच्या घरी बारा वर्षे नांदलेली मारुती ८०० सदतीस घोड्यांची होती. म्हणजे दहा मारुती एका जोखडाला जुंपल्या! आणि हे सगळे घोडे ओढतात ते फक्त मागच्या दोन चाकांच्या जिवावर. गोम आहे ती इथेच. गाडी दोन टनांहून जड, पण इंजिन पुढे असल्याने निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर पडतो. मागे रिकामा हौदा. ज्या चाकांनी ढकलायचे त्यांच्यावरच वजन नाही. कोरड्या डांबरावर हे खपून जाते, बर्फावर नाही.

त्यावर बंधुराजांचा उतारा साधा होता. साठ-साठ पौंडांच्या वाळूच्या सहा पिशव्या त्यांनी मागच्या आसावर नीट बांधून ठेवल्या होत्या. (मोकळ्या ठेवल्या तर अचानक थांबताना त्या पुढे येऊन केबिनीवर आदळतात.) उन्हाळी टायरांचे रबर सात-आठ अंशांखाली कडक होऊन पकड सोडते, म्हणून ऑक्टोबरातच टायर बदललेले. नवे टायर मूळच्यापेक्षा अरुंद. मला वाटले होते, रुंद टायर अधिक पकड घेईल. पण रुंद टायर भुसभुशीत बर्फावर तरंगू पाहतो आणि अरुंद टायर ते कापून खाली जातो.

एका रविवारी सकाळी, म्हणजे साडेआठ वाजून गेल्यावर, कारण त्याआधी तिथे उजाडतच नाही, बंधुराजांनी मला एका बंद दुकानासमोरच्या मोकळ्या पटांगणात नेले आणि चालकाच्या जागी बसवले.

"दादा, आता मुद्दाम जोरात दाब."

मी दाबले. इंजिन गरजले, काटा चाळीस मैलांवर गेला, आणि गाडी होती तिथेच! काटा बिचारा मागच्या चाकांचे ऐकून सांगत होता. मग शेपूट हळूच उजवीकडे निघाले, आणि पाहता पाहता समोरचा दिव्याचा खांब उजव्या खिडकीत आला.

"आता पाय अलगद उचल. ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही लावायचा. शेपूट जिकडे जातंय तिकडेच चाक वळव."

तासाभरात मला एवढे उमगले, की पायाच्या अंगठ्याखाली अंडे आहे असे समजून ही गाडी चालवायची. बंधुराज लहानपणी सायकलवरून दोन्ही हात सोडून उतार उतरत. त्यांच्या तोंडून हा उपदेश ऐकताना मला मौज वाटली.

नाताळानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आमची भावजय हॅनकॉकच्या रुग्णालयात काम करते. रात्री अकराला तिची पाळी सुटायची होती. घरची दुसरी मोटार, चारही चाकांना जोर देणारी, थंडीने बॅटरी मेल्यामुळे उठेचना. बाहेर उणे चौदा, आणि वारा सरोवरावरून. दोन वर्षांच्या पुतणीला शेजारच्या फिनिश आजींजवळ निजवून आम्ही पिकअप काढली.

"मी हौद्यात बसू का? तेवढंच वजन!" मी म्हटले. बंधुराज हसले नाहीत.

कॅल्युमेटहून हॅनकॉकला उतरायचे ते क्विन्सीच्या टेकडीवरून. माथ्यावर जुन्या तांब्याच्या खाणीचा उंच सांगाडा उभा आहे; तिथून रस्ता वळत वळत पाण्याकडे घसरतो. घसरतो हा शब्द मी जपून वापरतो आहे. बंधुराजांनी खालचा गिअर टाकला आणि चालत्या माणसाच्या बेताने गाडी उतरवली. इतक्या थंडीत रस्त्यावरचे मीठ बर्फ वितळवीत नाही. खरखरीत वाळूच तेवढी पकड देते, आणि तीही दर अर्ध्या तासाने नव्या बर्फाखाली जाते.

भावजयीला घेऊन परतलो तर घाटाच्या मध्यावर एक लांबलचक मालट्रक दिवे मिचकावत अडकलेला. बाजूने जायला वाट होती. एका मोटारीने तशी वाट काढलीही. ३८० घोडे हाताशी असलेला माझा भाऊ काय करतो, हे मी पाहत होतो. घरी पोर. बायको बारा तास उभी राहून आलेली. तिने डोळे मिटले होते, पण झोपली नव्हती.

त्याने घाटाच्या तळाशीच गाडी कडेला घेतली.

"मध्ये थांबावं लागलं तर चढावर पुन्हा उठणार नाही," तो म्हणाला. "खालूनच एका दमात जायचं."

पाऊण तास आम्ही बसून होतो. कोणी फारसे बोलले नाही. भावजयीने डब्यातली उरलेली पास्टी काढली. खाणीत काम करायला आलेल्या कॉर्निश लोकांनी ही आणली, मांस-बटाट्याची दांडगी करंजीच म्हणा. तिचे तीन तुकडे केले. शेवटी ट्रक निघाला, आणि पाठोपाठ बर्फ लोटणारी, वाळू फेकणारी सरकारी गाडी वर गेली. तिच्या मागे बऱ्यापैकी अंतर ठेवून आम्ही निघालो. वेग वीस मैल, ना कमी ना जास्त. दुसऱ्या वळणावर शेपूट निसटले. मला ते पाठीच्या मणक्यात कळले. बंधुराजांचा पाय जरासा उचलला गेला, चाक बोटभर फिरले, आणि गाडी सरळ झाली. भावजयीने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली होती, ती खाणीचा सांगाडा मागे पडल्यावर सोडली.

घरी पोचलो तर सरकारी गाडीने रस्ता साफ करताना सगळे बर्फ आमच्या फाटकापाशी लोटून ठेवलेले, कमरेइतके. आजींच्या खिडकीत दिवा होता. बंधुराजांनी हौद्यातून दोन फावडी काढली आणि एक माझ्या हातात दिले.