केसपेपरवरची लाल शाई

विद्यार्थ्यांना संसर्गजन्य रोग शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या शाखेत रुग्णावर अन्याय होतो तो बहुधा भीतीपोटी, आणि ही भीती कच्च्या विज्ञानावर पोसलेली असते. त्यामुळे नीतिशास्त्राचा तास वेगळा आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा वेगळा, ही मांडणीच मला पटत नाही. २०१९ च्या तुकडीपासून एमबीबीएसला ‘एटकॉम’ हा वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा अभ्यासक्रम आला, हे चांगलंच झालं. पण स्वायत्तता, हित, अहित टाळणं आणि न्याय ही चार तत्त्वं पाठ करून विद्यार्थी वॉर्डात येतो, तेव्हा त्याला दिसतं काय? केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं ‘रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह, आणि राउंडवर शेजारच्या खाटेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगितलेली हिस्टरी. सीनियर म्हणतात, ‘स्टाफच्या सुरक्षेसाठी लिहितो.’ पण नुकती लागण झालेल्या रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्हच येऊ शकतो, म्हणून तर प्रत्येकाचं रक्त बाधित समजून हात घालायचा नियम आहे. लाल शाईवर विसंबणारा रेसिडेंट बाकीच्या वीस रुग्णांच्या बाबतीत बेसावध राहतो. गोपनीयता गेली ती गेलीच, वर सुरक्षाही मिळाली नाही.

हे एका वॉर्डापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना रक्तदानानंतर एचआयव्ही असल्याचं उघड होताच पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि क्षयरोग्यांच्या जुन्या आरोग्यधामात ६४ दिवस एकटं ठेवलं. राज्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती आणि उच्च न्यायालयाने पुढे ती वैधही ठरवली. हा विषाणू हवेतून पसरत नाही, हे तेव्हा जगभर माहीत होतं. याच्या शेजारी मी मद्रासचा प्रयोग ठेवतो. क्षय तर खरोखरच हवेतून पसरतो. तिथल्या क्षयरोग केंद्राने रुग्णांच्या एका गटाला सॅनेटोरियममध्ये आणि दुसऱ्याला दाटीवाटीच्या गरीब घरांतच औषधं दिली, आणि १९६० मध्ये जाहीर केलं की घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका पोचला नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णाला घरी ठेवता येतं, हे आपल्याच देशात सिद्ध होऊन जवळपास तीस वर्षं उलटल्यावर आपण हवेतून न पसरणाऱ्या रोगासाठी माणूस कोंडला. हा दाखला नीतिशास्त्राचा की साथरोगशास्त्राचा, हे विद्यार्थ्यांनी मला सांगावं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की साथीत एवढा विचार करायला सवड नसते, समाजाचं हित आधी. तत्त्व मला मान्य आहे. क्षयाची नोंद सरकारला कळवणं २०१२ पासून बंधनकारक आहे, आणि रुग्णाची इच्छा नसली तरी ती झालीच पाहिजे असं मी म्हणतो. मात्र समाजहिताचं नाव घेणाऱ्याने त्या उपायाने लागण खरोखर किती थांबते, हे सांगितलं पाहिजे. १८९७ च्या पुण्यात प्लेगसाठी सोल्जर माजघरापर्यंत शिरले, तेव्हा लोकांनी रोगीच लपवायला सुरुवात केली. एचआयव्हीचा २०१७ चा कायदा याहून शहाणा आहे. जोडीदाराला डॉक्टर सांगू शकतो, पण आधी रुग्णाचं समुपदेशन, त्याने स्वतः सांगावं म्हणून प्रयत्न, मग त्याला पूर्वसूचना. आणि सांगितल्याने, विशेषतः बाईला, मारहाण होण्याची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर सांगायचं नाही. दुसरा आक्षेप ‘संस्कार घरूनच यावे लागतात’ हा. येत असतीलही; पण वरच्या पायऱ्या कुणाच्या आजीने शिकवलेल्या नसतात. मणक्यातून पाणी काढण्यासारखंच हे हाताखाली शिकावं लागतं.

माझ्या म्हणण्यात एक भोक आहे, ते झाकत नाही. विज्ञान पक्कं असूनही अन्याय होतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरचं बेडाक्विलिन २०१६ मध्ये देशातल्या मोजक्या सहा केंद्रांवर मिळू लागलं. पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीत ते नाकारलं गेलं, कारण ती दिल्लीची रहिवासी नव्हती. वडील उच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये औषध देणं कबूल करण्यात आलं. इथे जंतूबद्दल कुणाचाही गैरसमज नव्हता. अपुरं औषध कुणाला द्यायचं हा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर रहिवासाच्या पुराव्यावर काढलं गेलं. प्रतिकार वाढू नये म्हणून औषध जपून द्यायला हवं होतं, हे खरं. पण जपण्याचा निकष रोगाची अवस्था असू शकतो, पिनकोड नाही. असा नकार आला की विद्यार्थ्यांना मी तो केसपेपरवर तारखेसह लिहायला लावतो: औषधाची गरज का, दुसरा पर्याय कोणता उरला, आणि नाही म्हणणाऱ्याचा हुद्दा काय.