नानीचे पानदान आणि बीदरची माती

आमच्या घरात नानीचे एक बिदरी पानदान आहे. निकाहाच्या वेळी तिला माहेरून मिळालेले. नानीच्या इंतिकालनंतर ते अम्मीकडे आले आणि अम्मीने माझ्या हवाली केले. काळ्याभोर अंगावर चांदीची फुले, कडेने बारीक वेल. गेल्या रमजान ईदच्या आधी साफसफाई करताना मी मोठ्या हौसेने ते पितळेच्या भांड्यांबरोबर चिंच आणि राखेने घासून काढले. काळा रंग उडाला. करड्या अंगावर चांदीची फुले दिसेनाशी झाली. अम्मी काही बोलली नाही, नुसते पानदान उलटसुलट करून पाहत राहिली. मला तेच जास्त लागले.

म्हणून एके दिवशी पानदान फडक्यात बांधून मी आणि अम्मीने उदगीरहून बीदरची रेल्वे धरली. कमालनगर, भालकी मागे पडत गेले. डब्यात मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषा चालू होत्या. 1956 पर्यंत उदगीर हा बीदर जिल्ह्याचाच तालुका होता. अम्मी म्हणाली, "तुझ्या नानांना कोर्टकचेरीसाठी बीदरलाच यावे लागायचे."

जुन्या शहरातल्या एका गल्लीत ठोकण्याचा आवाज ऐकून आम्ही एका कारखान्यात शिरलो. कारखाना म्हणजे एक खोली. वयस्कर उस्ताद जमिनीवर बसून काम करत होते. त्यांनी पानदान हातात घेतले, तळ पाहिला आणि म्हणाले, "अच्छे हाथ का काम है, आपा. किसने घिसा इसको?" मी मान खाली घातली. ते हसले. म्हणाले, "रंग आ जाएगा."

मग चहा आला आणि उस्तादांनी आम्हाला सगळे काम दाखवले. सोळा भाग जस्तात एक भाग तांबे वितळवून वाळूच्या साच्यात भांडे ओततात. कानशीने घासून ते गुळगुळीत करतात आणि मोरचुदाचे पाणी लावून तात्पुरते काळे करतात, म्हणजे त्यावर ओढलेली रेघ पांढरी उठून दिसते. नक्षी कागदावरून छापत नाहीत, हातानेच काढतात. ती छोट्या छिन्नीने कोरायची आणि कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. तारेच्या या कामाला तारकशी म्हणतात. पत्रा खोल बसवला तर ते तहनिशान.

शेवटचे काम मातीचे. बीदरच्या किल्ल्याच्या जुन्या भागात, जिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस पोहोचलेला नाही, तिथली माती आणतात. ती नवसागराबरोबर पाण्यात उकळायची आणि भांडे त्यात बुडवायचे. जस्ताचे अंग काळे होते, चांदीला मात्र काहीच होत नाही. "माती चांगली हे कसे कळते?" मी विचारले. उस्तादांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली. "ऐसे," ते म्हणाले.

या कलेला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळाले. बीदरचेच शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. त्यांचे नाव उस्तादांनी अदबीने घेतले. पण स्वतःच्या घराविषयी विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. चांदीचा भाव चढत जातो, गिऱ्हाईक मात्र जुनाच दर मागते. मुलगा हैदराबादला मोबाईलच्या दुकानात आहे. "उसको क्या बोलूँ? उसके भी बच्चे हैं." मुलगी मात्र संध्याकाळी शेजारी बसून फुले काढते. कोपऱ्यातल्या एका डबीवर तिने कोरलेली वेल होती. एका ठिकाणी हात घसरला होता, बाकी वेल सफाईदार होती.

पानदान तयार व्हायला वेळ होता, म्हणून आम्ही किल्ल्यात गेलो. रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसवले आहेत. अम्मी बराच वेळ तिथेच उभी राहिली. म्हणाली, "हे तर नानीचेच पानदान!" परतताना महमूद गावानच्या मदरशाजवळ थांबलो. 1472 साली पुरी झालेली ही इमारत. 1696 मध्ये दारूच्या स्फोटाने तिचा एक भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून आहेत. तिथेच असरची वेळ झाली.

संध्याकाळी पानदान हातात आले, तेव्हा ते पुन्हा काळेभोर झाले होते. माझ्या घासण्याने निघालेल्या दोन पाकळ्यांच्या तारा उस्तादांनी नव्याने बसवल्या होत्या. पैसे सांगितले ते इतके कमी, की अम्मीने हट्टाने जास्त दिले आणि शिवाय मुलीने कोरलेली ती डबी विकत घेतली.

तुमच्या घरी बिदरी वस्तू असेल तर तिला चिंच, लिंबू, राख, पावडर काही लावू नका. मऊ कापडावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन पुसा, पुरे. आमचे पानदान आता तसेच पुसले जाते. डबीत अम्मी लवंगा ठेवते, आणि पाहुण्यांना ती घसरलेली वेल आवर्जून दाखवते.