जाऊ की थांबू?

मुंबई पूर्वचं आरटीओ कार्यालय वडाळ्याला आहे. एमएच ०३ क्रमांकाच्या गाड्या इथल्याच. इथून परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना क्लच, ब्रेक, इंडिकेटर, रस्त्यावरची चिन्हं एवढं येत असतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वाहत्या रस्त्यात गाडी नेमकी कधी काढायची, हे मात्र परवाना हातात पडल्यावरच शिकावं लागतं. ते शिकवतात रस्त्यावरची अनोळखी माणसं. ती दांडगाई करत असतील तर नवा चालक दांडगाई शिकतो, समजुतीने वागत असतील तर समजूत शिकतो. चौकात आपण कसे वागतो याला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी.

माझी भाची गाडी चालवू लागली तेव्हा मी तिच्या शेजारी बसत असे. एकदा बाजूच्या गल्लीतून रफी अहमद किदवई मार्गावर उजवीकडे वळायचं होतं. बेस्टची बस, तिच्यामागे टॅक्सी, मग एक लांबलचक ट्रक आणि या सगळ्यांच्या फटींतून घुसणाऱ्या डिलिव्हरीवाल्यांच्या दुचाक्या. सिग्नल नाही, हवालदार नाही. मागच्याने हॉर्न दाबून धरलेला. “मामा, जाऊ की थांबू?” तिने विचारलं. मागून कोणीतरी ओरडलं, “ताई, काढा ना गाडी!” मी म्हटलं, “मागच्याचं ऐकू नकोस. दोन्हीकडे नीट बघ. जागा पुरेशी वाटली की नीघ, आणि एकदा निघालीस की मध्येच अडखळू नकोस.”

या उत्तरामागे साधं गणित आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला ११ मीटर कापते. उभी गाडी हलवून, रस्ता ओलांडून पलीकडच्या रांगेला लागायला ५ सेकंद धरले, तर तेवढ्यात येणारी गाडी ५५ मीटर जवळ आलेली असते. रात्री रस्ता मोकळा असतो. तीच गाडी ६० च्या वेगाने आली, तर ८० मीटरहून जास्त. दिवसा पुरलेली जागा रात्री पुरत नाही ती अशी. शिवाय, थांबणं लांबत गेलं की माणूस अधिकाधिक लहान फट पत्करू लागतो, हे वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. मागचा हॉर्न त्याला त्याच दिशेने ढकलतो. जिथे चूक झाली तर मार दुसऱ्याला बसणार आहे, तिथे घाई करायचा हक्क आपल्याला कोणी दिला? २०२० च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी हिंदमातासह काही सिग्नलांवर आवाज मोजणारी यंत्रं लावल्याचं जाहीर केलं. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मला तो प्रयोग फार आवडला. उतावळेपणाची किंमत उतावळ्यांकडूनच वसूल करणारी ती सोय होती.

दांडगाईबद्दल बोलताना आपण सगळे एका बाजूला असतो. सौजन्याबद्दल मात्र नीट विचार होत नाही. गल्लीतून निघणाऱ्याला पाहून मुख्य रस्त्यावरचा एखादा भला माणूस मध्येच थांबतो आणि हाताने ‘जा, जा’ म्हणतो. त्याचं मन चांगलं असतं. पण त्याच्या डाव्या अंगाने येणाऱ्या दुचाकीस्वाराला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त थांबलेली गाडी दिसते आणि तो तिच्या बाजूने पुढे सुटतो. निघणाराही त्या हातावर विसंबून नीट न पाहता पुढे येतो, आणि दोघे एकमेकांवर आदळतात. वाट देणारा फक्त स्वतःची जागा देऊ शकतो. दुसऱ्याच्या जागेची हमी त्याने देऊ नये, आणि निघणाऱ्याने ती मानू नये. ट्रक किंवा बस थांबली असेल तर हे दुपटीने लक्षात ठेवायला हवं, कारण त्यांच्या आडोशाला अख्खी मोटारसायकल दिसेनाशी होते.

दुसरा प्रकार अति संकोची चालकाचा. तो थोडा पुढे येतो, थबकतो, पुन्हा थोडा पुढे येतो. समोरच्याला कळत नाही हा येतोय की थांबलाय. दोघेही थांबतात, मग दोघेही एकदम निघतात. अशा वेळी भिडस्तपणा धोक्याचा ठरतो. समोरच्याला आपला विचार आधीच कळावा, ही चौकातली पहिली सभ्यता. इंडिकेटर वेळेवर लागावा, चाकं वळायच्या दिशेला असावीत, वेग ठाम असावा. जुने टॅक्सीवाले खिडकीतून अख्खा हात बाहेर काढून वळत. त्या हातात विनंती असे आणि निश्चयही असे.

नियम तरी काय सांगतात? २०१७ च्या वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमावलीत हे आलं आहे. नियंत्रण नसलेल्या चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं. तसा भेद नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला. वर्तुळाकार चौकात आत असलेल्याचा मान पहिला. सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पायी चालणाऱ्याचा. आपल्याकडे मात्र ज्याने आधी नाक पुढे काढलं त्याचा मान, असाच रिवाज पडला आहे. वडाळ्याजवळच्या ‘पाच उद्यान’ भागात रस्ते एकमेकांना मिळतात तिथे संध्याकाळी उभं राहून पाहावं. फिरायला आलेली म्हातारी माणसं आणि हातात बॅट घेतलेली मुलं कडेला ताटकळत असतात. कायद्याने पहिला मान असलेली ही माणसं सर्वांत शेवटी रस्ता ओलांडतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खुणांचा अर्थही जागेप्रमाणे बदलतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला की ‘मी येतोय, थांब’. इंग्लंडमध्ये तोच दिवा बहुतेक लोक ‘तुम्ही निघा’ असा वाचतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी माणसांना पहिल्या दिवसांत हे मुद्दाम शिकावं लागतं. म्हणून केवळ दिव्यावर किंवा हातावर विसंबून निघू नये. समोरच्या गाडीचा वेग खरोखर कमी झाला का, हे पाहावं.

वाट मागायची आणि द्यायची रीत मला वडाळ्यातच एका वेगळ्या गर्दीत सापडते. कात्रक रोडवरच्या विठ्ठल मंदिरात आषाढी एकादशीला रांगा लागतात. पंढरपूरला जाऊ न शकलेले इथे येतात. त्या दाटीत कोणी पुढे सरकताना म्हणतं, “माउली, जरा वाट द्या.” म्हणणारा थांबून राहत नाही, पाऊल उचलतो; पण खांदा मारत नाही. समोरचा अंग चोरून जागा करतो, आणि पुढच्या क्षणी त्याला जागा हवी झाली की हाच माणूस बाजूला होतो. ठामपणा आणि आदर एकाच कृतीत असू शकतात, हे तिथे शेकडो माणसं सहज दाखवून देतात. तीच माणसं दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगमागे बसतात, तेव्हा समोरचा माणूस त्यांना दिसेनासा होतो. दिसते ती फक्त गाडी.

आणखी एक गोष्ट, आणि ती सगळ्यांत गंभीर. केईएम, टाटा, सायन ही रुग्णालयं वडाळ्यापासून फार दूर नाहीत. पुढे जागा नसताना केवळ हिरवा दिवा आहे म्हणून चौकात घुसलेली एक गाडी आडवा रस्ताही बंद करते, आणि त्या कोंडीत रुग्णवाहिका अडकते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. पण आपण चौक मोकळा ठेवला नसेल, तर ऐनवेळी वाट द्यायची इच्छा असूनही देता येत नाही. पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा नसेल तर हिरव्यातही थांबावं.

तेव्हा उद्या गल्लीच्या तोंडाशी उभे असाल, तर आपला विचार आधी कळवा, मान वळवून दोन्हीकडे पाहा, पुरेशी जागा मिळाली की ठामपणे निघा. मुख्य रस्त्यावर असाल तर वेग थोडा कमी करा, पण दुसऱ्याच्या वतीने ‘जा’ म्हणू नका. पुढचा थांबला असेल तर हॉर्न वाजवू नका. कदाचित त्याला तुम्हाला न दिसणारं मूल दिसत असेल. आणि पायी चालणाऱ्याला आधी जाऊ द्या. तो त्याचा हक्क आहे, आपले उपकार नव्हेत.